दुसऱ्या कडव्यातली तीट

फोडणीत मोहरी तडतडली आणि नेमकं त्याच वेळी खालच्या जिममधून ते गाणं वर आलं. कढीलिंबाचा हिरवा वास, जमिनीतून तळपायाला जाणवणारा ठेका, आणि त्यावर तरंगणारा एक कोवळा पुरुषी आवाज : ‘तुझ्यासारखी तूच गं, तुझ्यासारखी तूच.’ गॅस बारीक करायला पुढे केलेला माझा हात तसाच राहिला आणि मोहरी करपली. इतक्या वर्षांत माझ्या हातून फोडणी क्वचितच करपली असेल, हे तुम्हां दोघींना ठाऊक आहे. पण त्या दिवसांत ते गाणं कानावर आलं की माझं हातातलं काम तसंच राहायचं. मंडईत डाळिंबांच्या ढिगामागून ते ऐकू यायचं, हडपसरच्या बसथांब्यावर पोरांच्या मोबाइलमधून यायचं, रिक्षात बसावं तर रिक्षावाला मान डोलावत तेच गुणगुणायचा. अवघं शहर ज्या गाण्यावर खूश होतं, त्या गाण्याची एका म्हातारीला भीती का वाटावी? प्रेमाचंच तर गाणं होतं ते. कौतुकाने काठोकाठ भरलेलं.

कौतुकाने काठोकाठ भरलेलं होतं, म्हणूनच तर भीती होती.

रेवा, तुझा प्रश्न आधी घेते, कारण तो साधा होता. तुला शाळेत कुठल्याही आवडत्या गाण्यावर लिहायचं होतं : प्रेमगीतात कौतुकाचा सूर अलंकारांमुळे कसा तयार होतो? ‘आजी, तू आयुष्यभर मराठी शिकवलंस, तुला हे सोप्पं आहे,’ असं म्हणून तू हेच गाणं माझ्याकडे पाठवलंस. का, तर तुझी ताई ते दिवसभर लावते आणि तुला ते पाठ झालंय. आणि सानिका, तू तेच गाणं मला आठवडाभर आधी पाठवलं होतंस. तुझा निखिल तुझ्यासाठी हे गाणं म्हणतो, आणि फिजिओथेरपीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून, तो जिथे नोकरीला चाललाय त्या दूरच्या गावी तू त्याच्याबरोबर जाणार आहेस, हे तू त्याच वेळी फोन करून सांगितलंस. तुमच्या बाबाने सातासमुद्रापलीकडून मला लगेच फोन केला. ‘आई, तूच सांग तिला. आमचं ऐकत नाही. तुझं ऐकते.’ एका नातीला गाण्यातले अलंकार हवे होते आणि दुसरी त्या अलंकारांवर भाळून घर सोडायला निघाली होती. एकाच गाण्याचे दोन पेपर माझ्यापुढे तपासायला आले होते. एकाला गुण देणं सोपं होतं, दुसऱ्याला हात लावायलाही धीर होत नव्हता.

कारण बोलले तर काय, आणि नाही बोलले तर काय? बोलले असते तर तू मला गोष्टी सांगणं थांबवलं असतंस. मोठ्या झालेल्या मुली रागावून दार आपटत नाहीत, त्या नुसत्या ‘सगळं ठीक आहे गं आजी’ म्हणू लागतात, आणि त्या एका वाक्यामागे त्यांचं सगळं जग दिसेनासं होतं. आणि गप्प बसले असते तर? त्या विचाराशी आलं की माझी मती थांबायची.

म्हणून मी मला येतं ते केलं. सकाळचा चहा झाला, टेबल पुसलं, चष्म्याची काच पुसली, आणि पेपर तपासायला बसावं तशी ते गाणं ऐकायला बसले.

गाण्याचं पहिलं कडवं उपमेने सुरू होतं. प्रेयसीचा आवाज कोजागरीच्या दुधासारखा आहे. उपमा ही अलंकारांतली सर्वांत सभ्य मुलगी. ‘सारखा’ म्हणून ती एक हात अंतर राखते. आवाज दूध नव्हे, दुधासारखा. पण पुढच्याच ओळीत ते अंतर सुटतं : ‘तू दिवा, मी कोनाडा.’ झालं, आता ‘सारखी’ नाही, आता ती दिवाच. रूपक असंच करतं, ते माणसाला उचलून वस्तूच्या जागी ठेवतं. मग येते चेतनगुणोक्ती, निर्जीवाला जीव लावणारी : ‘तू थांबलीस की सिग्नल लाजून लाल होतो.’ रेवा, या ओळीवर तू हसली होतीस. ‘आजी, ताई सिग्नल बघतच नाही, तिला दोनदा दंड झालाय!’ मीही हसले. आणि मग शेवटची पायरी, अतिशयोक्ती : ती हसली की सगळ्या पेठांतले दिवे लागतात. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती. गाणं त्या मुलीला एकेक पायरी वर चढवत नेतं, आणि सर्वांत वर, जिथून खाली पाहिलं तर डोळे फिरावेत अशा जागी, तिला उभी करून ध्रुपद म्हणतं : तुझ्यासारखी तूच. याला अनन्वय म्हणतात. जिला तुलना नाही, जिची बरोबरी फक्त तिच्याशीच. कौतुकाच्या भाषेत याहून वरची पायरी नाही.

रेवा, तुझ्या निबंधाला एवढं पुष्कळ होतं. मी ते तुला नीट परिच्छेद पाडून पाठवलं. पण पाठवून झाल्यावर मी खुर्चीवरून उठले नाही. त्या शेवटच्या पायरीवर उभी असलेली मुलगी मला दिसत राहिली. इतक्या उंचावर चढवलेल्या माणसाने करायचं काय? तिथे बसायला जागा नाही, शिंकायची सोय नाही. पाय चुकला तर?

माझी चुलतबहीण सुमनताई तुम्ही पाहिली नाहीत. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी फ्रॉक घालत होते. मुलाकडच्यांनी तिला पाहिलं आणि ते असे बोलू लागले की आमच्या घरातले सगळे भारावून गेले. चित्रासारखी आहे, लक्ष्मीच आहे, असे केस आम्ही उभ्या जन्मात पाहिले नाहीत. नवरा तर मित्रांना सांगे, ‘माझ्या बायकोची वेणी पायरीवर टेकते.’ दोन वर्षांनी तिला विषमज्वर झाला. ती वाचली, केस गेले. पुन्हा आले ते विरळ, भुरे. त्या घरात तिला कुणी छळलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. फक्त ते सगळं बोलणं बंद झालं. त्यानंतरच्या कुठल्याही फोटोत पाहा, सुमनताई मागच्या ओळीत आहे, डोक्यावर पदर ओढून. ज्या गोष्टीसाठी तिला उचललं होतं ती गेल्यावर, खाली उतरायचा जिना मात्र कुणी तिला दाखवला नव्हता.

आमच्या आयांना हे भय फार आतून ठाऊक असावं. नाहीतर इतक्या देखण्या, बाळसेदार पोरांच्या गालावर त्यांनी काजळाचा काळा ठिपका का लावला असता? सानिका, तुझ्या बारशाला मी तुला तीट लावली तेव्हा तुझ्या आईने विचारलं होतं, ‘आई, तुम्ही हे मानता?’ मी म्हटलं, ‘मानत नाही गं, लावते.’ मी मोहरी-मीठ ओवाळून दृष्ट काढते तेव्हाही मला ठाऊक असतं की मोहरी कुठेही तडतडते. पण विश्वास हा एक भाग आणि भीती हा दुसरा. भीतीला शाळेत घालता येत नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या शमीमताई, पोस्टातून निवृत्त झालेल्या, संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतात. सानिका, त्यांना मी तुझा फोटो दाखवला. ‘माशाल्ला, कित्ती गोड दिसतीये पोरगी!’ असं म्हणून त्यांनी मला विचारलं, ‘आमच्यात कुणाला छान म्हटलं की आधी माशाल्ला म्हणावं लागतं, नजर लागू नये म्हणून. तुमच्यात काय म्हणतात हो?’

‘आमच्यात काहीच म्हणायला लागत नाही,’ मी म्हटलं. ‘आम्ही मूळचे नारायण पेठेतले. आम्ही छान म्हणतच नाही.’

त्या हसता हसता खोकल्या. पण त्यात विनोद थोडा होता, सत्य जास्त. तुमचे आजोबा आठवतात का? रेवा, तुला नसतील. माझ्या हातच्या आमटीचं त्यांनी केलेलं सर्वोच्च कौतुक म्हणजे, ‘आज भात कमी पडला.’ माझ्या नव्या साडीकडे पाहून ते म्हणत, ‘दुकानदाराने फसवलेलं दिसत नाही.’ मी तरुणपणी या बोलण्याने खट्टू व्हायची. शेजारणींचे नवरे सिनेमातल्यासारखं बोलत, आणि आमचे हे! पण त्यांनी मला कधी कुठल्या पायरीवर चढवलं नाही, त्यामुळे मला कधी पडायचीही भीती वाटली नाही. त्यांच्या प्रत्येक कौतुकाच्या गालावर तीट लावलेली असे.

गाणं मी पुन्हा लावलं तेव्हा हेच शोधत होते. आणि सापडलं! दुसऱ्या कडव्यात. हे कडवं जिममध्ये कधी वाजत नाही. ठेका तिथे मंदावतो, म्हणून ते लोक ध्रुपदानंतर गाणं बदलतात. रिक्षातही तोवर सिग्नल सुटलेला असतो. सगळ्या शहराला पाठ असलेल्या त्या गाण्यातलं हे कडवं बहुधा कुणीच ऐकलेलं नाही. त्यात दिवा नाही, कोजागरी नाही. त्यात एवढंच आहे : ‘चहा तुझा गार होतो, गोष्ट संपत नाही, छत्री कुठे ठेवलीस ते तुला आठवत नाही.’

संस्कृत पंडितांनी याही ओळीला अलंकार मानलं आहे, आणि मला त्यांच्या या रसिकतेचं नेहमी नवल वाटतं. स्वभावोक्ती. जे जसं आहे ते तसं सांगणं. दागिना न घालणं हाही एक दागिना! वर्गात मी हा अलंकार शेवटी शिकवायची, कारण मुलांना तो पटत नसे. ‘बाई, यात काय विशेष आहे?’ विशेष हे की चंद्राची उपमा पाठ करून देता येते. छत्री कुठेतरी विसरणारी मुलगी मात्र पाहावी लागते. सबंध गाण्यात पहिल्यांदा त्या दोन ओळींत मला कळलं की गाणाऱ्यासमोर खरोखर कुणीतरी बसलेलं आहे. आधीच्या सगळ्या पायऱ्या या एका खुंटीवर उभ्या होत्या. ही नसती तर ते कौतुक नव्हतं, ती नुसती आतषबाजी होती.

आता मला धीर आला. सानिका, मी तू पाठवलेला तो व्हिडिओ उघडला, ज्यात निखिल तुझ्या मित्रमैत्रिणींसमोर गिटार घेऊन हेच गाणं म्हणतो. मला एवढंच पाहायचं होतं की दुसरं कडवं म्हणताना तो तुझ्याकडे कसा पाहतो. पहिलं कडवं झालं. दिवा झाला, कोनाडा झाला, सिग्नल लाजला. मुलगा गातो बरा. नाशिकचा आहे म्हणालीस, उच्चार स्वच्छ आहेत. ध्रुपद झालं. आणि त्याच्यापुढे एकदम शेवटचं ध्रुपद. मधलं कडवं नव्हतंच.

मुलींनो, कसं सांगू? त्या वेळी बाहेर चांगलं लख्ख ऊन होतं, कुकरची शिट्टी होत होती, आणि मी गॅस बंद करायलाही उठले नाही. त्याने नेमकं तेच वगळलं होतं. साऱ्या पायऱ्या ठेवल्या होत्या आणि खुंटी काढून घेतली होती. याला चंद्र हवाय, छत्री विसरणारी नकोय. मला सुमनताईचा डोक्यावरचा पदर दिसला. शिक्षण सोडलेली, परक्या गावात, कुणाच्या तरी कल्पनेतली बिनडागाची मुलगी होऊन राहायला निघालेली माझी नात दिसली, आणि तिच्या हातून पहिला डाग पडेल तो दिवस दिसला. तेव्हा तिच्याजवळ कोण असेल?

मी व्हिडिओ पुन्हा लावला. पेपर तपासणाऱ्या बाईला एक वाईट सवय असते. उत्तर चुकलं की तिला कुठे चुकलं ते पाहावंच लागतं. आणि तेव्हा मला दिसलं की शेवटचं ध्रुपद सुरू होतं तेव्हा खोलीतले सगळे हसत आहेत. पोट धरून. एक मुलगी तर डोळे पुसत होती. पण त्याआधी हसण्यासारखं काहीच झालेलं नव्हतं. आणि सानिका, तू एकटीच हसत नव्हतीस. तुझी मान खाली होती. ते पाहून माझी भीती दुणावली. कशाला हसत होते? कुणाला?

त्याच सकाळी मी तुला फोन केला. तुमच्याकडे संध्याकाळ होती, तू भांडी विसळत होतीस. तुझ्या बाबाने सांगितलेलं एकही वाक्य मी बोलले नाही. मी फक्त विचारलं, ‘सानू, त्या गाण्याचं दुसरं कडवं कुठे गेलं?’

नळ बंद झाला. ‘आजी, तू एवढं कशाला बघतेस गं?’

‘सवय आहे. पान फाडलेलं असलं की मला कळतं.’

मी घाबरले, की आता येणार ते ‘सगळं ठीक आहे’. पण तू म्हणालीस, ‘त्याने नाही, मी कापलं ते. मला नव्हतं दाखवायचं तुला.’ आणि मग, चिडून, जवळजवळ रडवेल्या आवाजात, ‘थांब, पाठवते. तूही हस आता.’

मी ते ऐकलं. निखिलने मूळ कडवं म्हटलंच नव्हतं. गिटार जरा हळू करून, तुझ्याकडे सरळ पाहत, त्याने त्या जागी स्वतःचं कडवं म्हटलं होतं :

‘स्वेटर तुझा अर्धाच गं, बाही एकच होते;
दुसरी विणून ये सावकाश, थंडी कुठे जाते?’

खोली हशाने फुटली होती. तो स्वेटर कुठला, हे मला कुणी सांगायला नको होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी फोनच्या पडद्यावर मीच तुला टाके घालायला शिकवलं होतं. मागचा भाग, पुढचा भाग आणि एक बाही होऊन तो करड्या लोकरीचा स्वेटर तुझ्या खुर्चीच्या पाठीवर लोंबकळत राहिला, तो राहिलाच. तसंच तुझं कथक, तसंच तुझं जर्मन. आणि आता तसंच हे शिक्षण. दीड वर्षाची एक बाही.

‘म्हणजे तो म्हणतो की...’ मी विचारू लागले.

‘हो! म्हणतो, आधी कोर्स पुरा कर, मग ये. घरी नाही सांगितलं मी हे. सगळ्यांना वाटतं तोच मला नेतोय. आणि एवढ्या लोकांसमोर असं गाऊन दाखवायचं? बाबाच्या बाजूने झाला तो, आजी!’ तुझा आवाज फुटला. ‘बाकी सगळं गाणं किती छान म्हणाला होता.’

बाकी सगळं गाणं! मला तुला सांगायचं होतं की बाळ, बाकी सगळं गाणं कुणीही कुणासाठीही म्हणू शकतं, नाशिकचा मुलगा काय आणि जिममधलं यंत्र काय. तेवढं एकच कडवं जगात फक्त तुझं आहे. त्याने दिव्यांच्या त्या सगळ्या झगमगाटात तुझ्या गालावर हलकेच बोट टेकवलं, आणि तू ते पुसून टाकायला धावलीस. पण यातलं मी काहीच बोलले नाही. शिकवण्याची वेळ असते, तशी न शिकवण्याचीही असते. मी म्हटलं, ‘मुलाचा ताल कडव्यात जरा चुकलाय. पण यमक जमलंय.’ आणि तू, नाक ओढत, हसलीस.

तुमच्या बाबाने संध्याकाळी विचारलं, ‘सांगितलंस ना तिला?’ मी म्हटलं, ‘काही नाही सांगितलं. गाणं शेवटपर्यंत ऐकलं.’ त्याला ते पटलेलं नाही, आणि त्याची काळजी मी समजू शकते.

भीती गेली का, असं विचाराल तर नाही. तिने फक्त जागा बदलली. आधी वाटत होतं की तो तुला पाहतच नाही. आता कळलंय की तो तुला पाहतो, चांगलं लख्ख पाहतो, आणि असं पाहणाऱ्या माणसाकडे मुली आज ना उद्या जातातच. उरलेल्या दीड वर्षात काय होईल, तू थांबशील का, तो थांबेल का, थंडी खरंच कुठे जात नाही का, यातलं मला काय ठाऊक? म्हातारपणी आपल्या हाती उरतं ते काजळाचं बोट. तेही आता गालापर्यंत पोचत नाही, फोनच्या काचेपर्यंत पोचतं.

आज सकाळी पुन्हा फोडणी टाकली तर खालून तेच गाणं आलं. ध्रुपद झालं आणि जिमवाल्यांनी नेहमीप्रमाणे ते तोडलं. तिथून पुढचं मी स्वतःशी म्हणत होते, छत्रीचं नव्हे, स्वेटरचं, तेवढ्यात फोन वाजला. सानिका, तू पाठवलेला फोटो होता. सोबत एक शब्द नव्हता. खुर्चीवर पसरलेला तो करडा स्वेटर, आणि दुसऱ्या खांद्यापाशी सुयांवर चढवलेल्या, जेमतेम चार बोटं उंचीच्या नव्या ओळी.

मोहरी तडतडत होती. मी गॅस वेळेवर बारीक केला. चष्मा पुसून फोटो मोठा करून पाहिला, आणि छान, सुंदर, शाबास असे किती शब्द ओठांवर आले म्हणून सांगू! पण ते सगळे मी गिळले. मी लिहिलं : ‘टाके जरा सैल पडलेत.’